कॉलेज सॉकरचं रिक्रूटिंग आणि अभ्यास: क्रम कसा लावायचा

मुलगी नववीत जाते, क्लबच्या वरच्या टीममध्ये येते, आणि एखाद्या शनिवारी साइडलाइनवर खुर्ची टाकून बसलेलं कुणीतरी विचारतं, "मग, रिक्रूटिंगचं (कॉलेजच्या संघात निवड होण्याचं) काही सुरू केलंत की नाही?" त्या रात्रीपासून घरात गूगल सुरू होतं. बाबा एक्सेल शीट उघडतात, आईला सॅटची काळजी लागते, आणि मुलीला दोघांचाही वैताग येतो.

आपल्यातले बरेचजण भारतात वाढलो. तिथे दहावीचं वर्ष आलं की बॅट माळ्यावर जायची. त्यामुळे खेळ आणि अभ्यास हे एकमेकांच्या ताटातलं पळवतात, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत कॉलेज सॉकरच्या बाबतीत हे गणित थोडं निराळं आहे. कोचला कितीही आवडलेली खेळाडू असली, तरी तिची ट्रान्सक्रिप्ट (हायस्कूलच्या विषयांची आणि ग्रेडची नोंद) प्रवेश विभागाला चालली नाही तर पुढे काही होत नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: आधी अभ्यासाची दिशा, मग कॉलेजांची यादी, मग त्या यादीत सॉकर कुठे बसतं ते बघायचं. बहुतेक घरांत हे उलट होतं. आधी "डी-वन"चं, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागाचं स्वप्न, मग जो कोच उत्तर देईल ते कॉलेज, आणि तिथे हवा तो विषय आहे का हे सगळ्यात शेवटी.

हा लेख मुख्यतः इथल्या हायस्कूलच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी आहे. पुण्या-मुंबईहून किंवा गोव्याहून येऊ पाहणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

आधी नकाशा समजून घ्या

कॉलेज खेळांची मोठी संघटना म्हणजे एनसीएए. तिचे तीन विभाग आहेत: डिव्हिजन वन, टू आणि थ्री. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांची एनजेसीएए. डी-वन आणि डी-टूमध्ये खेळाची स्कॉलरशिप देता येते. डी-थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. तिथे मदत मिळते ती घरची आर्थिक परिस्थिती किंवा मुलाची गुणवत्ता बघून. आयव्ही लीगची आठ कॉलेजं डी-वनमध्ये खेळतात, पण खेळाची स्कॉलरशिप तीही देत नाहीत.

डी-थ्री म्हणजे "तिसरा दर्जा" असं समजून लोक नाक मुरडतात. आता ही नावं वाचा: एमआयटी, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, कार्नेगी मेलन, टफ्ट्स, अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स. ही सगळी सॉकरमध्ये डी-थ्री आहेत. शिकागोच्या पुरुष संघाने २०२२ मध्ये डी-थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही ज्युलिएन सिच या महिला कोचच्या हाताखाली. टफ्ट्सच्या मुलांनी २०१४ ते २०१९ या काळात चार वेळा ते जिंकलं. जवळच बघायचं तर न्यू जर्सीत रटगर्सचा न्यू ब्रन्सविकचा संघ डी-वन, बिग टेन या लीगमध्ये. आणि तासाभराच्या अंतरावरचं द कॉलेज ऑफ न्यू जर्सी डी-थ्री. आपल्या एडिसनच्या घरांना दोन्ही शेजारीच. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलकडे जायचं मनात असलेल्या मुलांसाठी डी-थ्रीचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा, "काही जमलं नाही तर" म्हणून नव्हे.

आकड्यांचाही अंदाज असू द्या. हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी तिन्ही विभाग मिळून फार तर पाच-सात एनसीएएत खेळतात, डी-वनमध्ये एक-दोन. मुलींना संधी किंचित जास्त, कारण शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी सक्तीची करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर कॉलेजांनी मुलींचे संघ मोठ्या संख्येने उभे केले. डी-वनमध्ये मुलांचे संघ दोनशेच्या आसपास आहेत, मुलींचे साडेतीनशेच्या आसपास.

नववी-दहावी: ट्रान्सक्रिप्टचा पाया

या दोन वर्षांत कोचशी बोलण्यापेक्षा शाळेच्या काउन्सेलरशी बोलणं जास्त कामाचं. डी-वन किंवा डी-टूत खेळायचं तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरकडून पात्रता लागते. त्यासाठी हायस्कूलमध्ये १६ "कोअर" कोर्स हवेत. डी-वनचं वाटप असं: इंग्रजी ४ वर्षं, गणित ३ वर्षं (अल्जिब्रा वन किंवा त्यावरचं), विज्ञान २, या तिघांपैकी कशातलंही आणखी १, सोशल सायन्स २, आणि उरलेली ४ वर्षं यांतून किंवा परदेशी भाषेसारख्या विषयांतून.

आता बारीक मेख. डी-वनसाठी १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण लागतात, आणि त्या दहातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले. त्या दहांचे ग्रेड तिथेच गोठतात. बारावीत तोच कोर्स पुन्हा करून ग्रेड सुधारला तरी एनसीएएच्या हिशोबात तो धरला जात नाही. किमान जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) डी-वनला २.३ आणि डी-टूला २.२. मराठी घरात २.३ वर जेवण मिळत नाही, त्यामुळे त्या आकड्याची धास्ती नको. आपल्या मुलांची अडचण बहुधा वेगळीच असते: उन्हाळ्यात पुढे जाण्यासाठी कुठल्यातरी ऑनलाइन संस्थेतून जिऑमेट्री उरकलेली असते, आणि तो कोर्स एनसीएएच्या मान्य यादीत नसतो. प्रत्येक शाळेची मान्य कोर्सची यादी एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर आहे. कोर्सचे पैसे भरायच्या आधी ती उघडून बघा. आठवीतच अल्जिब्रा वन झालं असेल, तर ते हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसतंय ना, तेही विचारून घ्या.

सॅट-एसीटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली. पण ही पात्रतेची गोष्ट झाली, प्रवेशाची नव्हे. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी स्वतःच्या प्रवेशासाठी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. त्यामुळे यादीत अशी नावं असतील तर सॅट सुटत नाही.

डी-थ्रीला कोअर कोर्सचा हा हिशोब लागू नाही, तिथे कॉलेज स्वतःचे निकष लावतं. पण जी डी-थ्री कॉलेजं आपल्या डोळ्यासमोर असतात त्यांचे निकष एनसीएएपेक्षा कितीतरी कडक आहेत. तिथे नववीचा "सी" अकरावीपर्यंत पाठ सोडत नाही.

यादी: ३० नावं, तीन गाळण्या

दहावीच्या हिवाळ्यात बसा. आधी सॉकर बाजूला ठेवून विचारा: कुठला विषय, घरापासून किती लांब, कॉलेज लहान की मोठं, आणि वर्षाला किती पैसे झेपतील. या गाळणीतून तीसेक कॉलेजं निघतील. मग दुसरी गाळणी, प्रवेशाची: मुलीचा आत्ताचा जीपीए तिथल्या मुलांच्या मधल्या पट्ट्यात बसतो का? कोचचा पाठिंबा मदत करतो, पण किती, हे कॉलेजागणिक बदलतं. आयव्हीत अ‍ॅकॅडमिक इंडेक्स नावाचा आकडा असतो. ग्रेड आणि टेस्ट मिळून तो निघतो आणि कोचला आपली भरती त्यात बसवावी लागते. एमआयटीत कोचच्या हातात राखीव जागा नसतात, तो फक्त शिफारस करतो आणि निर्णय प्रवेश विभागाचा. काही लहान डी-थ्री कॉलेजांत मात्र कोचच्या शब्दाला खरंच वजन आहे.

तिसरी गाळणी सॉकरची, आणि इथे प्रामाणिकपणा लागतो. कॉलेजच्या संघाचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, साइटवर असतं. ते उघडा. खेळाडू कुठल्या क्लबांतून आल्यात? तुमच्या मुलीच्या जागेवर खेळणाऱ्या किती, आणि त्या कुठल्या वर्षाला आहेत? तीन लेफ्ट बॅक आहेत आणि तिन्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या, तर तिथे लेफ्ट बॅकला जागा नाही. खेळाडूंच्या नावापुढे बहुधा मेजरही (पदवीचा मुख्य विषय) दिलेला असतो. अठ्ठावीस जणींत एकही इंजिनिअर नसेल, तर कारण विचारण्यासारखं आहे.

क्लबच्या कोचला एकदा स्पष्ट विचारा, "ही कुठल्या पातळीवर खेळू शकेल?" उत्तर ऐकून घरी रडारड झाली तरी चालेल. तो अंदाज पैसे घेणाऱ्या रिक्रूटिंग सर्व्हिसच्या गोड अहवालापेक्षा खरा असतो. त्या सर्व्हिसेस हजारो डॉलर मागतात आणि जे करतात ते सगळं मुलगी स्वतः करू शकते.

ईमेल आणि व्हिडिओ

डी-वन सॉकरमध्ये दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोच मुलांशी रिक्रूटिंगबद्दल बोलू शकत नाही. फोन नाही, मेसेज नाही, ईमेलला उत्तर नाही. फार तर कॅम्पचं पत्रक किंवा प्रश्नावली पाठवतो. डी-टूची तारीखही तीच. डी-थ्रीचा कोच कधीही लिहू शकतो. पण मुलांनी कोचला लिहायला कुठलीच बंदी नाही, आणि दहावीच्या वसंतात लिहिलेल्या ईमेल वाचल्या जातात.

ईमेल मुलीनेच लिहायची. बाबांनी लिहिलेली ईमेल कोचला पहिल्या ओळीत कळते. सोळा वर्षांची मुलगी "सिनर्जी" हा शब्द वापरत नाही. मसुदा साधारण असा (इथे मराठीत देते, जाईल अर्थात इंग्रजीत; २०२८ म्हणजे हायस्कूल संपण्याचं वर्ष):

विषय: २०२८ / लेफ्ट बॅक / जीपीए ३.९ / शनिवार १०.०० वाजता, मैदान ७

"कोच, मी अमुक क्लबकडून डाव्या बाजूला खेळते, जर्सी नंबर १४. मला बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचं आहे आणि तुमच्याकडे ते पदवीच्या पहिल्या वर्षापासून आहे. गेल्या आठवड्यात तुमची अमुक संघाविरुद्धची मॅच पाहिली. तुमच्या बॅक सतत पुढे चढतात, मलाही तसंच खेळायला आवडतं. या शनिवार-रविवारचं वेळापत्रक आणि व्हिडिओची लिंक खाली आहे. ट्रान्सक्रिप्ट सोबत जोडली आहे. माझ्या क्लब कोचचा फोन नंबर…"

एवढंच. पदकांची यादी नको, "लहानपणापासून सॉकर माझा श्वास आहे" तर नकोच. जीपीए विषयाच्या ओळीत घालण्याचं कारण हे की कडक प्रवेश असलेल्या कॉलेजचा कोच आधी तोच बघतो. ज्यांना प्रवेशच मिळणार नाही त्यांच्यामागे तो वेळ घालवत नाही. चांगले ग्रेड असलेल्या मुलीचा खेळ बघायला तो मैदानापर्यंत येतो, हा अभ्यासाचा सॉकरमधला रोकडा फायदा.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, सगळ्यात चांगली दृश्यं पहिल्या अर्ध्या मिनिटात, आणि चेंडू येण्याआधी मुलीवर बाण किंवा गोल. संगीत नको. फक्त गोलच नकोत. बॅकने अडवलेले हल्ले, पहिला स्पर्श, चेंडू गेल्यावर ती काय करते, हे कोचला हवं असतं. आवडला तर तो पूर्ण मॅचचं फुटेज मागतो, तेही तयार ठेवा.

कॅम्पच्या आमंत्रणाबद्दल एक सूचना. "आम्हाला तुझ्यात रस आहे, आमच्या आयडी कॅम्पला ये" अशी पत्रं शेकड्यांनी जातात. ती बहुधा जाहिरात असते. पत्रात मुलीच्या विशिष्ट मॅचचा, खेळाचा उल्लेख असेल, किंवा कोचने क्लब कोचला फोन केला असेल, तर तो खरा रस. यादीतल्या वरच्या दोन-तीन कॉलेजांच्याच कॅम्पला पैसे घाला.

अकरावी: सगळं एकाच वर्षी

हे वर्ष अवघड आहे, त्यात गोड बोलून फायदा नाही. एपी (कॉलेजच्या पातळीचे) क्लासेस याच वर्षी सगळ्यात जास्त, सॅट याच वर्षी, आणि कोचचे फोनही याच वर्षी.

वेळापत्रक तुमच्या राज्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीत हायस्कूल सॉकर फॉलमध्ये असतं, दक्षिण कॅलिफोर्नियात हिवाळ्यात, टेक्ससमध्ये जानेवारीपासून वसंतापर्यंत. त्यावर क्लबचा मोसम. क्लबची काही लीग शाळेच्या टीममधून खेळू देत नाहीत, काही देतात; क्लब निवडतानाच हे विचारा, कारण शाळेची टीम सोडली तर मित्रमैत्रिणींचा एक अख्खा कंपू सुटतो. पंधरा-सोळाव्या वर्षी ही लहान गोष्ट नाही.

सॅटची परीक्षा शनिवारी, मॅचही शनिवारी. न्यू जर्सीच्या मुलांना डिसेंबरची तारीख सोयीची पडते. शाळेचा मोसम संपलेला असतो आणि बाहेर गारठा. काही शाळा अकरावीला आठवड्यातल्या दिवशी शाळेतच सॅट घेतात, ती संधी सोडू नये. जूनपर्यंत अंतिम स्कोअर हातात हवा. का, ते पुढच्या भागात येतं.

मार्चमध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला जेफरसन कप असतो. त्या शनिवार-रविवारी टीमच्या हॉटेलात सकाळी साडेसहाला खाली उतरा. वॉफल मशीनसमोर रांग, स्लाइड्स घातलेल्या मुली, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर चौघीजणी कॅल्क्युलसच्या शीटवर वाकलेल्या. एकीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी आणि हातात हायलायटर. ज्यांचं सगळं सुरळीत चाललेलं असतं त्यांच्या अभ्यासाची वेळ अशीच ठरलेली असते: बसमध्ये वाचन, सकाळी गणित, रात्री फोन बाजूला आणि दिवे बंद. "हॉटेलात बघू" म्हणणाऱ्यांचं काहीच होत नाही, कारण हॉटेलात स्विमिंग पूल असतो.

मोसम सुरू होण्यापूर्वी शिक्षकांना तारखा सांगून ठेवणं हे मुलीचं काम. शुक्रवारी दुपारी "आम्ही निघालो, सोमवारची टेस्ट बुधवारी देऊ का?" असं विचारलं की शिक्षकाचा चेहरा पडतो. तोच शिक्षक पुढे कॉलेजसाठी शिफारसपत्र लिहिणार असतो. एपीच्या परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत असतात. तेव्हाची एखादी स्पर्धा सोडायची असेल तर क्लबला फेब्रुवारीतच सांगा.

आणि रविवारची मराठी शाळा? बऱ्याच घरांत ती याच वर्षी सुटते. काही राज्यांत मराठीच्या परीक्षेवरून हायस्कूलमध्ये परदेशी भाषेचं क्रेडिट मिळतं. तसं असेल तर आधी काउन्सेलरशी बोला, मग निर्णय घ्या. एपी किती घ्यायच्या, याबद्दल माझं मत ठाम आहे: मोसमात सहा एपी घेऊन तीन "बी" आणण्यापेक्षा चार घेऊन चारही "ए" आणणं चांगलं. मंडळाच्या गणपतीत कुणाच्या मुलाने किती एपी घेतल्या याची चर्चा होऊ दे. झोप सात-आठ तासांच्या खाली गेली की दुखापती वाढतात आणि ग्रेडही घसरतात. मुलींमध्ये एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवाच.

फोन आणि व्हिजिट: काय विचारायचं

१५ जूननंतर डी-वनचे फोन सुरू होतात, आणि अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून व्हिजिटला जाता येतं. डी-थ्रीत कॉलेजच्या खर्चाची ऑफिशियल व्हिजिट अकरावीच्या १ जानेवारीनंतर. पहिला फोन नाही आला तर घाबरू नका; डी-थ्रीचं खरं काम अकरावीच्या उन्हाळ्यात चालतं.

"तुमच्याकडे अभ्यासाला महत्त्व आहे का?" या प्रश्नाला जगातला प्रत्येक कोच "हो" म्हणतो. त्याऐवजी टोकदार प्रश्न विचारा. इंजिनिअरिंगच्या लॅब दुपारी असतात. प्रॅक्टिसशी गाठ पडली तर कोण हलतं? गेल्या चार वर्षांत किती खेळाडू प्री-मेड होत्या आणि त्यातल्या किती शेवटपर्यंत राहिल्या? ऑर्गॅनिक केमिस्ट्री मोसमात घेऊ देता का? सेमिस्टरभर परदेशी शिकायला कुणी गेलं आहे का? मग हेच प्रश्न कोच नसताना खेळाडूंना विचारा. व्हिजिटला रात्री त्यांच्याच खोलीत राहायचं असतं, तिथे खरं कळतं.

डी-वनमध्ये मोसमात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि एक दिवस सुट्टी. पण मॅचचा अख्खा दिवस हिशोबात ३ तासच धरतात, आणि प्रवास, फिजिओ यात येत नाहीत. प्रवास आता लांबलाय. स्टॅनफर्ड आणि बर्कली २०२४ पासून एसीसी या मुख्यतः पूर्वेकडच्या लीगमध्ये आहेत, म्हणजे लीगच्या मॅचसाठी कॅलिफोर्नियाहून पूर्व किनाऱ्यावर. रटगर्सच्या लीगमध्ये त्याच वर्षी यूसीएलए आणि वॉशिंग्टन आले. डी-थ्रीतही बघून घ्या: शिकागो, एमरी, एनवाययू ज्या यूएए लीगमध्ये खेळतात तिथे विमानप्रवास आहेच, न्यू इंग्लंडच्या नेस्कॅक लीगमध्ये बसने जाऊन रात्री घरी परत.

आणखी एक नियम फार कमी पालकांना ठाऊक असतो. डी-वनमध्ये खेळत राहायचं तर दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के, तिसरं संपताना ६० टक्के आणि चौथं संपताना ८० टक्के भाग पूर्ण हवा. तिसऱ्या वर्षी इकॉनॉमिक्स सोडून कॉम्प्युटर सायन्सला जायचं म्हटलं, तर नव्या पदवीच्या हिशोबात टक्के एकदम खाली येतात. ज्या मुलीला अजून विषय ठरवायचा आहे तिने हे विचारात घ्यावं.

या सगळ्यानंतर मुलीला एकटीला एक प्रश्न विचारा: पहिल्याच ऑगस्टमध्ये गुडघा गेला आणि वर्षभर मैदान बंद झालं, तरी तू याच कॉलेजात राहशील? उत्तराला वेळ लागला तर यादी पुन्हा उघडा.

प्री-रीड आणि अर्ली डिसिजन

अकरावी संपली की १ जुलैपासून अनेक निवडक कॉलेजांत प्री-रीड होतं. म्हणजे कोच मुलीची तीन वर्षांची ट्रान्सक्रिप्ट, टेस्ट स्कोअर आणि बारावीत घेणार असलेल्या विषयांची यादी प्रवेश विभागाकडे देतो, आणि तिथून "चालेल", "काठावर" किंवा "नको" असा कौल येतो. जूनपर्यंत सॅट हवी ती यासाठी. कौल हिरवा असला तरी तो प्रवेश नव्हे. त्यानंतर कोच बहुधा म्हणतो, "अर्ली डिसिजनला अर्ज कर, मी पाठिंबा देतो." अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर. म्हणून एकाच कॉलेजला हो म्हणायचं, आणि तेही पैशाचा अंदाज घेतल्यावर. कोचला थेट विचारा, "माझ्यासारख्या हिरवा कौल मिळालेल्या किती जणींना गेल्या तीन वर्षांत नकार आला?"

आयव्हीत १ ऑक्टोबरनंतर "लाइकली लेटर" येऊ शकतं. प्रवेश जवळपास नक्की, असं सांगणारं ते पत्र प्रवेश विभागाचं असतं आणि त्यावर विसंबता येतं. कोचचा तोंडी शब्द कुणालाच बांधत नाही. कोच नोकरी बदलतो, आणि नवा कोच जुन्याची यादी फेकून देतो, असं घडत असतं.

पैसे

सॉकरवर पूर्ण फुकट शिक्षण ही फार दुर्मिळ गोष्ट. वर्षानुवर्षं डी-वनच्या मुलांच्या संघाला मिळून ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती, मुलींच्या संघाला १४. पंचवीस-तीस खेळाडूंत ती तुकड्यांनी वाटली जायची. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची (खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या) तडजोड मंजूर झाली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि त्याऐवजी रोस्टर २८ खेळाडूंवर आलं. पैसे जास्त देता येतात, देतीलच असं नाही. आणि स्कॉलरशिप नसलेल्या वॉक-ऑन मुलांच्या जागा मात्र कमी झाल्या. खेळाडू आणि कॉलेज ज्यावर सही करायचे ते नॅशनल लेटर ऑफ इंटेंट २०२४ मध्ये बंद झालं, आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर. करार किती वर्षांचा आणि दुखापत झाली तर काय, हे सहीपूर्वी वाचा.

आईबाबा दोघेही आयटीत असतील तर गरजेवरची मदत थोडी किंवा शून्य धरून चाला. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, कायद्याने ठेवावाच लागतो. यादी करतानाच त्यात आकडे घालून बघा. गुणवत्तेची स्कॉलरशिप देणाऱ्या कॉलेजात ३.९ जीपीएची किंमत डाव्या पायाच्या किमतीपेक्षा जास्त भरते.

महाराष्ट्रातून, गोव्यातून येणाऱ्यांसाठी

डी-वन मुलांच्या सॉकरमध्ये परदेशी खेळाडू भरपूर आहेत, पण ते बहुतांशी युरोपातल्या अकादमीत तयार झालेले, वयाने एक-दोन वर्षं मोठे. गोव्यातल्या किंवा मुंबई-पुण्यातल्या चांगल्या क्लबमध्ये खेळणाऱ्या मुलाने डी-थ्री, डी-टू आणि एनएआयए आधी बघावं. एनएआयएची पात्रता वेगळी आणि केंद्रही वेगळं.

नववीपासूनच्या सगळ्या मार्कलिस्ट, दहावी-बारावीच्या बोर्डाची प्रमाणपत्रं जपून ठेवा. एनसीएए प्रत्येक देशासाठी कुठली कागदपत्रं चालतात याची मार्गदर्शिका काढते. भारताचं पान आधी वाचा. बारावीनंतर "एक वर्ष क्लबकडून खेळतो, मग बघू" हा विचार महागात पडू शकतो, कारण शाळा संपल्यानंतर स्पर्धात्मक खेळात घालवलेला वेळ कॉलेजातल्या खेळण्याच्या वर्षांतून कापला जाऊ शकतो. हे नियम सध्या बदलत आहेत. त्या वर्षीचा नियम एलिजिबिलिटी सेंटरकडून लेखी घ्या. क्लबकडून मानधन घेण्याआधीही तसंच करा. व्हिडिओसाठी सुब्रतो कपसारख्या स्पर्धेतली मॅच उंचावरून, अख्खं मैदान दिसेल अशी कुणाकडून तरी चित्रित करून घ्या.

पैशाच्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवा: अ‍ॅमहर्स्ट, बोडन आणि एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांचाही प्रवेश ठरवताना आर्थिक गरज आड येऊ देत नाहीत, आणि प्रवेश दिला तर ठरलेली गरज पूर्ण भागवतात. तिन्ही डी-थ्री. प्रवेश अतिशय कठीण, पण ज्याचे मार्क खरंच वरचे आहेत त्याने अर्ज करावा.

बारावी

नोव्हेंबरात कुठेतरी नक्की झालं की मुलं सैल सोडतात. प्रवेशपत्रात लिहिलेलं असतं की बारावीचे अंतिम ग्रेड पाहून प्रवेश मागे घेता येतो, आणि तो घेतला जातो. प्री-रीडला दिलेल्या यादीतला एखादा कठीण विषय परस्पर सोडू नका. सोडायचाच असेल तर आधी प्रवेश विभागाला कळवा. शाळा संपली की पदवीच्या नोंदीसह अंतिम ट्रान्सक्रिप्ट काउन्सेलरने एलिजिबिलिटी सेंटरला पाठवायची असते; जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळेचं ऑफिस रिकामं होतं, त्याआधी पाठपुरावा करा. कॉलेजच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये सिकल सेलच्या तपासणीचा रिपोर्ट मागतात, तो डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा. प्री-सीझन ऑगस्टमध्ये, क्लासेस सुरू होण्याच्या बरंच आधी असतं, तेव्हा भारताची तिकिटं जुलैच्या अखेरीस परत येण्याच्या हिशोबाने काढा.